डोक्यावरचं श्रेय

शिरोळात माणसाला दोन गोष्टींवर न मागता सल्ला मिळतो: ऊस आणि केस. उसाचं एक बरं आहे. त्याची जयसिंगपुरात परिषद भरते, दराची मागणी होते, आंदोलन होतं, तोडगा निघतो आणि माणसं पुढच्या हंगामापर्यंत मोकळी होतात. केसांची परिषद बारमाही असते. ती एसटी स्टँडवर भरते, दूध संस्थेच्या काट्यासमोर भरते, आणि तुमचे केस गळतायत असं कळलं की थेट तुमच्या सोप्यात येऊन भरते.

माझे गळायला लागले ते २०२४ च्या डिसेंबरात. मी एका पतसंस्थेत कर्जखात्याला आहे. वसुलीच्या कामात डोक्यावर केस असण्याचा तसा फायदा नसतो. दाट केसांच्या माणसाला थकबाकीदार नवखा समजतात. तरी माझा जीव होता त्यांच्यावर. टॉवेलला केस, कंगव्यात केस, उशीवर केस. आमटीत पहिला केस निघाला तेव्हा बायको वरमली. मग तो आखूड आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिथून पुढं आमटीत निघणाऱ्या प्रत्येक केसाचा हिशेब ती माझ्याकडं मागू लागली.

माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि त्यांतले ५० ते १०० रोज गळणं रीतसर असतं, एवढं मी वाचलेलं होतं. म्हणून मोजायला बसलो. वहीत तारीख, आवक, जावक असे रकाने पाडले. जावक भरभरून होती. आवकेचा रकाना कोराच. असलं खातं मी माझ्या टेबलावरून कधीच पुढं सरकू दिलं नसतं.

अशातच जानेवारीत बुलढाण्याची बातमी आली. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत आधी डोकं खाजायचं, मग केस नुसते ओढले तरी हातात यायचे आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडायचं. चॅनेलवाल्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' म्हणून टाकलं. पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला, आयसीएमआरचं पथक नमुने घेऊन गेलं. पथकाचा निकाल लागायला वेळ होता. आमच्या दूध संस्थेत तो तिथल्या तिथं लागला. "हितंबी आलं म्हणायचं," असं एकजण माझ्या डोक्याकडं बघून म्हणाला, आणि रांग दोन्ही बाजूंनी सरकली. दूध घालायला माझा नंबर इतक्या लवकर कधी लागला नव्हता.

मग कुरुंदवाडची आत्ती आली. आत्तीनं येताना लोखंडी कढईच आणली होती. माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता आणि वडाच्या कोवळ्या पारंब्या, सगळं खोबरेलात कढवायचं.

"पारंब्या कशाला गं आत्ती?"

"लोंबत्यात का न्हाईत त्या?"

"लोंबत्यात."

"मग!"

आत्तीचं सगळं औषधशास्त्र या 'मग!'वर उभं आहे. माक्याचा रस हाताला लागला की काळा पडतो, म्हणजे केस काळे होणार. जास्वंदीचा पाला चुरगळला की बुळबुळीत होतो, म्हणजे केस मऊ होणार. "मी करून देतो, तू नुसता जिरीव. टाळूत जिरंपातूर सोडायचं न्हाई," असं म्हणून तिनं बरणी भरून दिली. मी रोज रात्री जिरवत बसलो. उशीच्या खोळी गेल्या, शर्टाच्या कॉलरी गेल्या. ऑफिसात एका कर्जप्रकरणावर वाकलो असताना कपाळावरून थेंब ओघळला तो नेमका जामीनदाराच्या सहीवर, आणि कागद आरपार दिसायला लागला. कर्जवाटपात पारदर्शकता आणा म्हणून वरिष्ठ बरीच वर्षं मागं लागले होते. त्या दिवशी त्यांना ती दाखवली, तर आवडली नाही.

खोबरेलाची बाजू घेणारा अभ्यास आहे, आणि तो मी आत्तीला वाचूनही दाखवला. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिलं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुण्या-विंचरण्यात जाणारं प्रथिन वाचवतं, असं त्यात निघालं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीला खोबरेल चांगलं आढळलं यात दचकण्यासारखं काही नाही. तेल खरंच चांगलं आहे. फक्त हा सगळा मामला उगवून बाहेर आलेल्या केसाचा आहे. जिथून तो उगवतो त्या कातडीचा त्यात विषय नाही. आत्ती म्हणाली, "चांगलं हाय म्हणत्यात न्हवं? मग!"

शेजारच्या तात्यांनी कांदा सुचवला. कांद्याचा रस काढायचा, डोक्याला लावायचा, तासभर ठेवायचा. यालाही आधार आहे, आणि तो बगदादचा आहे. तिथल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये कांद्याचा रस लावून केस आल्याचं छापलं होतं. पण त्यांचे रुग्ण चाई पडलेले होते. चाई म्हणजे डोक्यावर गोल चकती पडते ती, आणि चाईचे केस पुष्कळदा आपले आपणही येतात. तात्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओत बगदाद नव्हतं, चाई नव्हती, नुसता कांदा होता. मी रस लावून, धुऊन, वर अत्तर मारून कामावर गेलो. माझ्या टेबलासमोर बसलेला एक जुना थकबाकीदार डोळे पुसत पुसत हप्ता भरून गेला. मॅनेजरसाहेबांनी नाकाला रुमाल लावूनच वसुलीबद्दल अभिनंदन केलं आणि मला घरी धाडलं.

अंड्याचा उपाय कुणाचा होता ते आता कुणीच कबूल करत नाही. दोन अंडी फेटून डोक्याला थापायची आणि वाळली की धुवायची. थापून झाल्यावर सोप्यात आलो, तर आत्ती कॅलेंडरकडं बघत उभी. गुरुवार होता. नृसिंहवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. गुरुवारी आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघत नाही.

"गुरवारी अंडं?"

"खाल्लं न्हाई आत्ती. लावलंय."

आत्ती गप्प झाली. असा प्रसंग तिच्या पाहण्यातल्या कुठल्या पोथीत नव्हता. खाल्ल्यानं मोडतो तो नेम लावल्यानं मोडतो का, यावर तिनं बराच विचार केला आणि शेवटी निकाल दिला: "पोटात गेलं काय आन् डोक्यावर गेलं काय, घरात आलं न्हवं? धू जा आधी."

मी न्हाणीत पळालो. बायकोनं बंबात नुकतीच चिपाडं सारली होती, पाणी कढत होतं, आणि घाईत विसण घालायचं राहिलं. कढत पाण्यात अंड्याचं काय होतं हे स्वयंपाकघरात पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. न्हाणीत ते आठवत नाही. पुढं संध्याकाळपर्यंत बायको माझ्या डोक्यातून शिजलेलं अंडं वेचत होती आणि पायाशी मांजर बसलं होतं. अंड्यातल्या प्रथिनाचे रेणू केसात शिरायला फारच मोठे असतात, हे मला पुढं कळलं. मांजराला ते पहिल्यापासून माहीत असावं. ते नुसतं खाली काय पडतंय त्यावर लक्ष ठेवून होतं.

पाण्याचा मुद्दा दूध संस्थेतून आला. आमच्याकडं बोअरचं पाणी, तेही जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मी डोक्याला अंगाचाच साबण लावत आलेलो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा चिकटा होऊन केसांवर बसतो. म्हणजे मी इतकी वर्षं डोकं धूत नव्हतो, सारवत होतो. शिकेकाई-रिठ्याचा किंवा शाम्पूचा असा चिकटा होत नाही. यावर सोपा उपाय साबण बदलणं हा होता. संस्थेत ठरलं ते वाडीला जाऊन संगमावर बुडी मारण्याचं. आता कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर माझी श्रद्धा आहे, पण श्रद्धेचं पाणी वेगळं आणि डोकं धुण्याचं पाणी वेगळं. पंचगंगा कोल्हापूर-इचलकरंजीकडून येताना काय काय घेऊन येते, हे तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेले मासे पाहिलेल्याला सांगायला नको. बुडी मारली, दर्शन घेतलं, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन आलो. यांतल्या बासुंदीचा गुण तेवढा दिसला, तोही पोटावर.

आणि मग कोंडा सुरू झाला. थोडाथोडका नव्हे. काळा शर्ट घालायची सोय राहिली नाही. खाजवलं की टेबलावर पडायचा, आणि मी फुंकर मारून कर्जरोखे साफ करायचो. आत्ती म्हणाली, टाळू कोरडी पडलीय, तेल वाढीव. वाढवलं. कोंडा वाढला. आणखी तेल, आणखी कोंडा.

हे कोडं सोडवलं आलास गावच्या मामांनी. मामा शेतकरी माणूस, डोक्याला कायम टोपी. ऊसबिलाच्या कामाला आले होते. त्यांनी मला उजेडात बसवलं, केस दोन बाजूंना सारले आणि रान बघायला आल्यागत निरखून म्हणाले, "हे फुटलंय की रं!"

"काय?"

"मीठ. पाणी लई, खत लई, निचरा न्हाई. मग वर पांढरं फुटतंय. पीक जळाय लागलं की माणूस काय करतो? आनी थोडं खत टाकतो. तूबी त्येच केलंयस."

नदीकाठच्या गावांतली किती तरी काळी जमीन अशीच क्षारपड होऊन पडीक गेली. ती पुन्हा उसाला आली ती खत वाढवून नव्हे. जमिनीच्या पोटात भोकं पाडलेले पाइप गाडून खारं पाणी बाहेर काढलं तेव्हा. मामांनी त्यांच्या रानावरून माझ्या टाळूचं जे निदान केलं, ते पुढं डॉक्टरांनी जवळपास तसंच्या तसं केलं. मॅलॅसेझिया नावाचं एक यीस्ट झाडून सगळ्यांच्या टाळूवर असतं. टाळूचं तेल हेच त्याचं अन्न. ते खाऊन मागं जे उरतं, त्यानं काहींच्या कातडीला खाज सुटते आणि तिचे पापुद्रे सुटायला लागतात. मी रोज रात्री डोक्यावर पंगत वाढत होतो आणि सकाळी पत्रावळी झाडत होतो.

निदानापर्यंत मामा बरोबर होते. उपायात ते शेतकरीच राहिले. "एक हंगाम रान मोकळं पडू दे," म्हणाले.

म्हणून मी सलूनात गेलो. तिथं मामांच्या म्हणण्याला लगेच अनुमोदन मिळालं. "गोटा करा सायेब, दाट येत्यात. बारक्या पोराचं जावळ काढल्यावर न्हाई का येत?" खरं तर पोराचे केस वयानं दाट होतात, जावळानं नव्हे. वस्तऱ्याला कातडीखालचं मूळ लागतच नाही. तो कापतो तो केस मेलेलाच असतो, आणि बोथट टोकामुळं नवा खुंट राठ लागतो एवढंच. पण खुर्चीत बसल्यावर आणि गळ्याभोवती कापड आवळल्यावर माणसाची बुद्धी त्या कापडाखालीच राहते.

एक गोष्ट ना मामांच्या ध्यानात आली, ना सलूनवाल्याच्या, ना माझ्या. आमच्याकडं बाप्या माणूस गोटा करून रस्त्यानं निघाला की त्याचा अर्थ एकच होतो.

चौकातच एकानं गाडी लावली, जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवला.

"कधी झालं?"

"आत्ताच की. सकाळी."

"लई तरास झाला काय?"

"छ्या! धा मिंटात उरकलं."

"सुटले म्हणायचे."

"व्हय, एकदम हलकं वाटतंय."

तो माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत गेला. एवढी माया करणारा माणूस आपल्या केसांबद्दल, म्हणून मीही थोडा गहिवरलो होतो. घरी पोचेपर्यंत मोबाइल वाजायला लागला. गावाच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडली होती, वर आप्पांचा फोटो, खाली हात जोडलेल्यांची रांग. एकानं विचारलं होतं, रक्षाविसर्जन कधी? आणि मला ओळखणाऱ्या दुसऱ्यानं उत्तरही दिलं होतं, बहुधा परवा सकाळी.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सोप्यात पेपर वाचत होते. ऐंशी ओलांडलेले, डोक्यावर पांढरे पण घट्ट केस. इतक्या वर्षांत त्यांनी केसांना शिकेकाई आणि आठवड्याची न्हाणं यापलीकडं काही दिलेलं नाही. गल्लीतल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हुंदके देत आत आल्या, आणि आप्पांनी पेपर खाली केला. एकीनं किंचाळी फोडली, दुसरी तुळशीकट्ट्यावरच बसली.

"काय ओ, काय झालं?" आप्पा म्हणाले. "कोण गेलं?"

सांगायचं कुणी? मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या वैनी भाकऱ्यांची दुरडी आणि आमटीचं पातेलं घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या. आप्पांनी दुरडीकडं पाहिलं, माझ्या डोक्याकडं पाहिलं, आणि हिशेब लावला. मला वाटलं आता काठी येणार. ते वैनींना म्हणाले, "आणलंयसा तर ठिवा आत." भाकरी खाता खाता त्यांनी कोण कोण भेटायला आलं ते विचारून घेतलं. कोण आलं नाही, तेही. ती यादी त्यांनी कॅलेंडरमागं लिहून ठेवलीय आणि अजून तिचा वापर चालू आहे.

त्यानंतर बायकोनं मला मिरजेला नेलं, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी माझं डोकं पाहिलं आणि म्हणाल्या, "केस दाखवायला आलात ना? मग आणायचे होते." तरी टाळू इतकी स्वच्छ दिसतेय याचं त्यांना समाधान वाटलं. खवले, लाली, खाजवल्याच्या खुणा, सगळं त्यांनी पाहिलं. मग एकच प्रश्न विचारला: केस गळायला लागण्याआधी दोन-तीन महिने मोठा ताप येऊन गेला होता का?

गणपतीनंतर मला डेंग्यू झाला होता. केसांचा आणि त्याचा संबंध मी कसा लावणार? ताप डोक्यात गेला असं फार तर आपण रागावर म्हणतो. बाईंनी समजावलं. केसांची मुळं आळीपाळीनं काम करतात. बहुतेक वाढीच्या पाळीवर असतात आणि ती पाळी काही वर्षं चालते. थोडी विश्रांतीत असतात, सुमारे ३ महिने, आणि मग तो केस गळून नवा येतो. मोठा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, एकदम केलेली उपासमार, यातलं काही झालं की शरीर पुष्कळ मुळांना एकाच वेळी विश्रांतीला धाडतं. दोन-तीन महिन्यांनी ते केस एकदम गळायला लागतात. तोवर माणूस तापाला विसरलेला असतो आणि पाण्याला, गव्हाला, बायकोच्या स्वयंपाकाला दोष देत असतो.

"मग यावर उपाय?"

"काही नाही. येतात परत. सहा-आठ महिने धरा."

"काहीच न करता?"

हे विचारताना माझा आवाज कापला असावा, कारण बाईंनी रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं. मला वाटतं माझं मन राखायलाही. कोंड्यासाठी एक औषधी शाम्पू लिहून दिला: आठवड्यातून दोनदा, नखांनी नव्हे तर बोटांच्या पेरांनी टाळूला लावायचा, पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. तेल लावायचंच तर केसांना, धुण्याआधी थोडा वेळ, आणि कोंडा आहे तोवर टाळूला नाही. पुढच्या दोन कोपऱ्यांकडं बोट करून मात्र म्हणाल्या, हे तापाचं नव्हे, हे घराण्याचं. त्याला मिनॉक्सिडिल आहे. ते मुळात रक्तदाबाच्या गोळीत असायचं. गोळी खाणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले तेव्हा त्याचा डोक्याला लावायचा पातळ प्रकार निघाला. लावायला लागल्यावर पहिले काही आठवडे केस जरा जास्तच गळतात, आणि थांबवलं की आलेलेही जातात. ज्या कर्जात आधी मुद्दल जातं आणि हप्ते मरेपर्यंत चालतात ते मी घेत नाही, असं मी त्यांना सांगितलं.

घरी येऊन शाम्पूची बाटली वाचली आणि हातपाय गळाले. त्याच सुमारास बुलढाण्याचं नवं निदान पेपरात आलं होतं. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर काम करून कितीएक माणसं वाचवली, त्यांनी तपासून सांगितलं होतं की तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम फार आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात गहू बंद आणि शाळूची भाकरी सुरू. आणि या बाटलीवर लिहिलेलं, सेलेनियम सल्फाइड! मी तडक मिरजेला फोन लावला.

"ते त्यांच्या पोटात गेलं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला हे टाळूवर लावून धुवायचं आहे. कातडीतून ते आत जवळजवळ जात नाही. फक्त खाऊ नका." 'खाऊ नका' हे त्यांनी फोन ठेवताना परत सांगितलं. बायको त्यांच्याशी आधीच बरंच बोललेली दिसत होती.

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. बेंदराला बैलांची शिंगं रंगवून झाली तोवर माझ्या डोक्यावर भांग पडण्याइतके आले होते, कोंडाही आटोक्यात होता. आणि लगेच श्रेयवाद सुरू झाला. आत्ती कुरुंदवाडहून बरणी भरून घेऊन आली. म्हणे, तेलाचा गुण उशिरा येतो, पण येतो. तात्यांनी कांद्याचा नवा व्हिडिओ धाडला, त्याखाली माझं नाव उदाहरण म्हणून. सलूनवाल्यानं आरशाच्या कडेला माझा गोटा केलेला फोटो लावला आणि शेजारी आत्ताचा. दूध संस्थेत संगमाच्या बुडीवर एकमत झालं. मिरजेच्या बाईंचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण त्यांनी काही न करायला सांगितलं होतं, आणि काही न करण्याचं श्रेय आमच्या तालुक्यात कुणाला देत नाहीत.

आप्पांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी मेलो, तवा आली ती. न्हाईतर आली असती काय?"

पुढच्या दोन कोपऱ्यांत मात्र काही उगवलं नाही. हा वारसा आईच्या बाजूनं आणि बापाच्या बाजूनं, दोन्हीकडून येतो असं बाईंनी सांगितलंय. पण आप्पांना ते मान्य नाही. ते स्वतःच्या केसांतून हात फिरवतात आणि आलासच्या मामांकडं बघतात. मामा टोपी काढत नाहीत.